पाठटिपण : इन्व्हर्टर व त्याची बॅटरी

वीज गेली की कंदील शोधण्याचे दिवस अनेक घरांतून सरले. त्याची जागा इन्व्हर्टरने घेतली आहे. सातवीच्या वर्गात विद्युतधारेचा पाठ घेताना शिक्षकांनी या परिचित वस्तूचाच आधार घ्यावा.

इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही. बॅटरीतील दिष्ट धारेचे तो प्रत्यावर्ती धारेत रूपांतर करतो, एवढेच. शिसे व सल्फ्युरिक आम्ल यांची बॅटरी १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांनी तयार केली. अलीकडे लिथियमच्या बॅटऱ्याही येऊ लागल्या आहेत. तथापि शिशाची बॅटरी अजून घरोघर दिसते. तीत सुमारे २ व्होल्टचे ६ घट असतात.

‘बॅटरी किती वेळ पुरेल?’ हा प्रश्न मुलांना अवश्य घालावा. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२ × १५० म्हणजे १८०० वॅट-तास. दोन पंखे व तीन दिवे मिळून १८० वॅट धरल्यास उत्तर १० तास येते. प्रत्यक्षात मात्र ५-६ तासही पुष्कळ झाले. कारण रूपांतरात काही ऊर्जा वाया जाते व बॅटरी पूर्ण रिती करणे तिला मानवत नाही. जुन्या बॅटरीचा भरवसा याहूनही कमी.

बॅटरीत केवळ शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घालावे. विहिरीच्या पाण्यातील क्षार तिचा घात करतात. पाणी आटून पट्ट्या उघड्या पडल्या तरी तोच परिणाम होतो. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. देवघराशेजारच्या बंद कोनाड्यात बॅटरी व जवळच तेवती समई, अशी मांडणी असेल तर ती बदलणे इष्ट. आम्ल डोळ्यांत उडाल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मुलांना बॅटरी दुरूनच दाखवावी, हे सांगणे नलगे.

सर्वांत घातक गैरसमज निराळाच आहे. मुख्य स्विच बंद केला की तारा निर्धोक झाल्या, असे समजून मनुष्य पंखा उघडतो. पण मुख्य स्विच बंद होताच, वीज गेली असे समजून इन्व्हर्टर त्याच तारांत २३० व्होल्ट सोडतो! बॅटरी अवघी १२ व्होल्टची, म्हणून धक्का सौम्य बसेल, हाही भ्रमच. म्हणून मुख्य स्विच व इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत, टेस्टरने खात्री करावी आणि दुरुस्ती जाणत्या वायरमनकडूनच करवावी. ही गोष्ट फळ्यावर आकृती काढून समजवावी आणि मुलांकडून घरी सांगवावी. वडीलधाऱ्यांनाही ती बहुधा ठाऊक नसते.

निकामी बॅटरी अंगणात फोडू नये. शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते बाधक ठरते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्यावी.