घटक ५ : संदेश पोहोचणे आणि अर्थ पोहोचणे

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
- श्रवण आणि अर्थग्रहण यांतील भेद स्पष्ट करता येईल.
- वक्तृसापेक्ष शब्दांमुळे होणारी संदिग्धता ओळखता येईल.
- व्यवहारातील संभाषणासाठी नियमबद्ध भाषेची गरज व तिच्या मर्यादा सांगता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, समोरासमोर बोलताना शब्दांच्या मदतीला चेहरा, हातवारे आणि भोवतालचा परिसर असतो. ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून बोलणारा आपले वाक्य दुरुस्त करतो. रेडिओवर हा आधार नाहीसा होतो. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांना एकमेकांचा केवळ आवाज ऐकू येतो. शिवाय एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकाच क्षणी बोलू लागले, तर दोघांचेही शब्द बुजतात. अशा स्थितीत भाषेवर पडणारा भार किती मोठा असतो, हे एका दुर्घटनेच्या आधारे पाहू.

५.३ मों ब्लांची दुर्घटना

एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा या मार्गाने लंडनला निघाले होते. २४ जानेवारी १९६६ रोजी सकाळी, जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना, ते आल्प्स पर्वतातील मों ब्लांवर आदळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भारताच्या अणुसंशोधनाचे शिल्पकार डॉ. होमी भाभा त्यांत होते.

विमानातील दिशादर्शक उपकरणांपैकी एक आधीच नादुरुस्त होते. आपण शिखर ओलांडले आहे, असा वैमानिकाचा हिशेब होता आणि तो चुकला होता. रडारवरील नियंत्रकाच्या ही चूक लक्षात आली. त्याने विमानाचे स्थान अचूक ओळखले आणि मों ब्लां पाच मैलांवर असल्याचे वैमानिकाला कळवले. वैमानिकाने ‘रॉजर’ असे उत्तर दिले आणि विमान १९,००० फुटांवरून खाली आणण्यास प्रारंभ केला. सुमारे १५,५८५ फूट उंचीवर ते डोंगरावर धडकले. पुरेशा काटेकोर शब्दयोजनेच्या अभावी नियंत्रकाने केलेली दुरुस्ती वैमानिकाला चुकीची समजली, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

५.४ भाषिक विश्लेषण

(अ) *वक्तृसापेक्षता* : ‘पाच मैलांवर’ या शब्दांतून अंतर कळते, शिखर पुढे आहे की मागे, हे कळत नाही. नियंत्रकाच्या मनात ‘पुढे’ होते. वैमानिकाच्या मनात ‘मागे’ ही धारणा आधीच पक्की होती. ऐकणारा संदेशातील रिकामी जागा स्वतःच्या समजुतीने भरतो. धुळ्यातील ‘पुलापलीकडे’ हा शब्द घ्या. जुन्या गावात उभे राहून म्हटले, तर पांझरेपलीकडचे देवपूर. देवपुरात उभे राहून म्हटले, तर जुने धुळे. शब्द एकच, पण बोलणारा कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्याला पत्ता नाही.

(आ) *पोच आणि संमती* : हवाई परिभाषेत ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’, एवढेच. काय समजले, हे त्यातून कळत नाही. फोनवर आपण ‘हो, हो’ म्हणतो. ते कधी संमतीचे असते, तर कधी केवळ ‘ऐकतो आहे’ एवढ्याच अर्थाचे.

(इ) *प्रतिवाचन* : उंची, दिशा, धावपट्टी यांविषयीच्या सूचना वैमानिकाने जशाच्या तशा परत उच्चारायच्या असतात. ऐकण्यातील चूक यातून पकडली जाते. परंतु मूळ वाक्यच द्व्यर्थी असेल, तर त्याचे अचूक प्रतिवाचनही निरुपयोगी ठरते. ‘पाच मैल’ हे शब्द वैमानिकाने परत उच्चारले असते, तरी गैरसमज तसाच राहिला असता. ‘शिखर अद्याप ओलांडलेले नाही, उंची कमी करू नये’ अशा आशयाचे वाक्यच येथे उपयोगी पडले असते.

५.५ नियमबद्ध भाषा आणि तिच्या मर्यादा

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ जणांचा बळी गेला. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची अनुमती देताना वा ती रद्द करतानाच वापरायचा, अन्यत्र ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक पडला. इंग्रजीतील ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांतील स्वर समान असल्यामुळे नऊसाठी ‘नाइनर’ असा उच्चार ठरवण्यात आला.

मात्र ठरीव शब्द पाठ असणे पुरेसे नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण दगावले. कझाक विमानाने आपली १५,००० फुटांची नेमून दिलेली पातळी सोडली होती. त्या चमूचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हा चौकशीत नोंदवलेल्या कारणांपैकी एक घटक होता. म्हणूनच २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी संबंधित वैमानिक व नियंत्रकांसाठी इंग्रजी संभाषणक्षमतेची किमान पातळी आवश्यक ठरली. अनपेक्षित प्रसंगी ठरीव वाक्ये संपतात. तेथे साधी, स्पष्ट भाषाच कामी येते.

५.६ आपल्या व्यवहारात

कवितेचा अभ्यास करताना अनेकार्थता हा गुण मानला जातो. रुग्णवाहिकेला १०८ वर पत्ता सांगताना तोच दोष ठरतो. भाषा एकच, प्रयोजन बदलले की गुणदोषांचे निकषही बदलतात. आपल्यापैकी जे कार्यालयात, रुग्णालयात वा दुकानात काम करतात, त्यांना हा भेद रोज भेटतो. ‘औषध उद्यापासून बंद’ हे वाक्य औषध संपल्याचे सांगते, की ते घेऊ नये असे सांगते? अशा वेळी ‘समजले का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘काय करणार ते सांगा’ असे विचारावे; मग ऐकणाऱ्याला अर्थ स्वतःच्या शब्दांत मांडावा लागतो आणि चूक उघडी पडते.

५.७ सारांश

संदेश ऐकू येणे म्हणजे अर्थ पोहोचणे नव्हे. मों ब्लांच्या घटनेत नियंत्रकाची माहिती खरी होती आणि संदेश पोहोचलाही होता. वाक्यात दिशा मात्र नव्हती. खरे बोलणे पुरेसे नसते. ऐकणाऱ्याची चुकीची समजूत मोडेल इतके स्पष्ट बोलावे लागते.

५.८ स्वाध्याय

१. ‘पोच’ आणि ‘संमती’ यांतील भेद आपल्या बोलीतील उदाहरणांसह लिहा.
२. प्रतिवाचनाने कोणत्या चुका टळतात व कोणत्या टळत नाहीत?
३. आपल्या कामाच्या ठिकाणची एक द्व्यर्थी सूचना नोंदवा आणि ती निःसंदिग्ध शब्दांत पुन्हा लिहा.