गाठीने बुद्धी वाढते का?

प्रश्न : ‘फिनॉमिनन’ या चित्रपटात एका साध्या मोटार मेकॅनिकला आकाशात प्रखर प्रकाश दिसतो आणि तो एकाएकी अफाट बुद्धिमान होतो. शेवटी कळतं, की त्याच्या मेंदूत गाठ आहे. गाठीने बुद्धी खरंच वाढू शकते का? की आपण एरवी न वापरलेला नव्वद टक्के मेंदू तिने जागा केला?

उत्तर : आधी त्या नव्वद टक्क्यांची वासलात लावू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो खातो सुमारे २० टक्के. इतका महागडा अवयव शरीराने नुसता बसवून पोसला नसता. स्कॅनमध्ये तर झोपेतही तो सगळीकडे कामात दिसतो. त्यामुळे पक्षाघातात लहानसा भाग मेला तरी कुणाची वाचा जाते, कुणाचा हात लुळा पडतो.

आता गाठ. १९९६च्या या चित्रपटात जॉन ट्रव्होल्टाने केलेल्या जॉर्ज मॅलीला ॲस्ट्रोसायटोमा असतो. चेतापेशींची देखभाल करणाऱ्या, चांदणीच्या आकाराच्या पेशींपासून ही गाठ होते. तिचे धागे मेंदूत पसरून त्याला चेतवतात, असं पटकथा सांगते. धागे पसरतात हे खरं, आणि मेंदू चेततो हेही अर्धं खरं. फक्त त्या चेतण्याला दवाखान्यात फिट म्हणतात. शिवाय कवटी ही बंद पेटी. आत गाठ वाढली, की दाब वाढतो. मग डोकं दुखतं, उलट्या होतात, स्मरण दगा देतं. (जॉर्जसारखं नुसत्या विचाराने वस्तू हलवणं कुठल्याच गाठीच्या खात्यावर टाकू नका.)

मग मेंदूला धक्का बसून काही नवं उगवतच नाही का? क्वचित उगवतं. टोनी सिकोरिया या अमेरिकी अस्थिशल्यविशारदाला १९९४मध्ये विजेचा झटका बसला आणि काही आठवड्यांनी त्याला पियानोचं वेड लागलं. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. पण लागलं ते वेड, विद्या नव्हे. चित्रपटातला जॉर्ज मात्र वीस मिनिटांत पोर्तुगीज शिकतो. अर्थात पुस्तकांचा फडशा त्यालाही पाडावा लागतोच, आणि इथे पटकथा प्रामाणिक आहे. बाहेरून आत न गेलेलं मेंदू देणार कुठून? सिकोरियालाही पहाटे चारला उठून, कामावर जाण्याआधी सूर घोटत बसावं लागे.