ट्रस्ट केला, पण घर त्यात आहे का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. मुलीला घर विनाकटकट मिळावं म्हणून लिव्हिंग ट्रस्ट केलाय. एवढं पुरेल ना?

उत्तर : घराचं डीड ट्रस्टींच्या नावे करून काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवलंत का? बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. ट्रस्टची सुबक फाईल कपाटात, अन् डीडवर अजून नवरा-बायकोचीच नावं! मग प्रोबेट कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. शिवाय १६ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झालेल्या प्रपोझिशन १९ नुसार मुलगी वर्षभरात तिथे स्वतः राहायला आली नाही, तर प्रॉपर्टी टॅक्स बाजारभावाने नव्याने लागतो. ट्रस्टमुळे तो टळत नाही. पुण्यात फ्लॅट असेल, तर त्यासाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करा.