संगणकीय नोंदी : मेनूची आज्ञा आणि ‘फोकस’

विद्यार्थ्यांची पटनोंद, फीच्या पावत्या, ग्रंथांची देवघेव इत्यादी कामांसाठी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस ही संगणकीय आज्ञावली उपयोगी पडते. १९९२ मध्ये ती प्रथम बाजारात आली. २००७ च्या आवृत्तीत जुन्या मेनूची जागा ‘रिबन’ या पट्टीने घेतली. तथापि एक अडचण कायम राहिली. आज्ञा कधी चालत नाही, तर कधी भलत्याच नोंदीवर चालते. याचे मूळ ‘फोकस’मध्ये आहे.

पडद्यावरील ज्या चौकटीत त्या क्षणी टंकलेली अक्षरे उमटतात, तेथे फोकस आहे असे म्हणतात. रिबनवरील आज्ञा निवडल्याने तो हलत नाही. प्रपत्रावरील बटण दाबल्यास मात्र तो बटणाकडे जातो.

एक उदाहरण घेऊ. मुख्य प्रपत्रात विद्यार्थ्याची माहिती असून त्यातील उपप्रपत्रात पावत्या आहेत. लिपिकाने चुकीच्या पावतीवर कर्सर ठेवला व मुख्य प्रपत्रावरील ‘नोंद वगळा’ हे बटण दाबले. फोकस मुख्य प्रपत्राकडे गेल्यामुळे पावतीऐवजी विद्यार्थ्याचीच नोंद वगळली जाऊ शकते. आणि संबंधित नोंदी आपोआप वगळण्याची सोय चालू असल्यास सर्व पावत्याही तिच्याबरोबर जातात. ‘पूर्ववत करा’ या बटणाचेही तसेच. उपप्रपत्र सोडताच तेथील बदल जतन होतो. मग पूर्ववत करण्यासारखे काही उरत नाही आणि आज्ञा उपलब्ध नसल्याची २०४६ क्रमांकाची सूचना येते.

यावर उपाय पुढीलप्रमाणे :

१. पावत्यांसंबंधीचे बटण उपप्रपत्रातच ठेवावे.

२. ते मुख्य प्रपत्रावरच हवे असल्यास, ‘सेटफोकस’ या आज्ञेने प्रथम उपप्रपत्राकडे व नंतर त्यातील चौकटीकडे फोकस न्यावा. त्यानंतरच वगळण्याची आज्ञा द्यावी.

३. रिबन मुळीच दाद देत नसल्यास, प्रपत्राचे ‘पॉपअप’ व ‘मोडल’ हे दोन्ही गुणधर्म चालू आहेत काय, हे पाहावे. तसे असल्यास प्रपत्र बंद होईपर्यंत रिबन वापरता येत नाही.

४. संबंधित नोंदी आपोआप वगळण्याची सोय बंद ठेवावी. मात्र संबंधांचे बंधन चालू असावे. मग पावत्या असलेल्या विद्यार्थ्याची नोंद वगळलीच जात नाही.

नोंद वगळण्यापूर्वी येणारी सूचना न वाचता ‘होय’ म्हणू नये. एकदा होकार दिल्यावर ती नोंद परत आणता येत नाही. म्हणून दररोज काम संपताच धारिकेची प्रत स्वतंत्र ठिकाणी ठेवणे, हेच अखेरचे संरक्षण होय.