वाय-फायचे डबे किती लावायचे?

वायरलेस नेटवर्कबद्दल आपल्या होस्टेलवर एक समजूत घट्ट बसली आहे. रेंज कमी पडते? मग अजून एक राउटर आणा! कॉरिडॉरमध्ये उभं राहून मोबाईलवर वाय-फायची यादी उघडा, नावांची रांगच लागते. तरीही रात्री दहाला कुणाचंच काही धड चालत नाही. असं का होतं आणि एकाच जागी अनेक ॲक्सेस पॉइंट नीट कसे लावतात, ते या लेखात बघू. उदाहरण मी आमच्या आटपाडीचं घेते, कारण तिथे सगळे प्रॉब्लेम एकाच छपराखाली सापडतात. (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीला सांभाळून घ्या.)

आधी थोडी थिअरी. ॲक्सेस पॉइंट म्हणजे वायरचं नेटवर्क आणि रेडिओ लहरी यांना जोडणारा डबा. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, हा वाय-फायचा मूळ नियम आहे. लांब कोपऱ्यातला एखादा मोबाईल कमी सिग्नलमुळे हळू बोलतो, तेव्हा त्याचं बोलणं संपेपर्यंत जवळचे सगळे थांबतात. म्हणजे वाटून घ्यायची असते ती वेळ.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात १३ चॅनेल आहेत हे ऐकून बरं वाटतं. पण शेजारच्या दोन चॅनेलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, आणि एका सिग्नलची रुंदी मात्र २० मेगाहर्ट्झ! म्हणून एकमेकांना न धडकणारी तिकडी म्हणजे १, ६ आणि ११. कुणी शहाणपणा करून ३ नंबर निवडला तर तो १ आणि ६ दोघांनाही त्रास देतो. एकाच चॅनेलवरचे डबे निदान एकमेकांचं ऐकून थांबतात. अर्धवट आड येणाऱ्याचं बोलणं नुसता गोंगाट ठरतं.

आता आटपाडी. सांगली जिल्ह्यातला हा माणदेशी दुष्काळी तालुका डाळिंबासाठी ओळखला जातो. माझ्या काकांची अडत आहे. पुढे दगडी भिंतींचं ऑफिस, मागे पत्र्याचं लांबलचक शेड. शेडमध्ये कॅरेटच्या थप्प्या लागतात, सौदा होतो, दिवाणजी टॅबवर वक्कल, वजन, दर टाकतात आणि ऑफिसात पट्टी छापली जाते. राउटर एकच, तोही काकांच्या टेबलावर. शेडच्या मधोमध गेलं की टॅब गोल गोल फिरत बसायचा. मग कागदावर लिहा, परत ऑफिसात येऊन टाईप करा, त्यात एखाद्या वक्कलचा दर दुसऱ्याला लागला की वादावादी. आणि पट्टी हातात पडेपर्यंत शेतकरी टेम्पोपाशी बसून. त्याचा वर्षाचा पैसा त्या कागदावर असतो.

दुकानदाराने रिपीटर सुचवला. स्वस्त असतो, खरं आहे. पण साधा रिपीटर तेच ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो. प्रत्येक निरोप हवेत दोनदा जातो, म्हणजे वेग साधारण निम्मा. शिवाय शेडमध्ये जिथे मुळातच ऐकू येत नाही तिथे बसवला तर तो पुढे सांगणार काय?

इथे वारणेची आठवण काढायला हवी. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला, गावोगाव संगणक आले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पाहिलं, तर लोक मुख्यतः उसाच्या कामाची माहितीच घेत होते. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरच्या एसएमएसने ते काम करून बघितलं, आणि ते चाललं. म्हणून डबे मोजण्याआधी कोण, कुठे उभं राहून, काय पाठवणार हे लिहून काढा. अडतीत दिवाणजींना दोन ओळी पाठवायच्या असतात. सिनेमा कुणालाच बघायचा नसतो.

काकांकडे शेवटी तीन डबे बसले. एक ऑफिसात, दोन शेडमध्ये, चॅनेल १, ६, ११. प्रत्येकाला स्विचपासून स्वतःची केबल. हो, वायरलेससाठी वायर लागतेच, आणि खरी मेहनत तीच! तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. पीओई स्विच घेतला तर त्याच केबलमधून वीजही जाते, पत्र्याखाली वेगळा प्लग काढावा लागत नाही. स्विच आणि मोडेम युपीएसवर, कारण आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही.

जागा निवडताना एक गंमत लक्षात येते. डाळिंबात बहुतांश पाणीच असतं आणि पाणी या लहरी शोषतं. रिकाम्या शेडमध्ये मस्त दिसणारी रेंज आवक वाढली की गळते. म्हणून मोजणी थप्प्या लागलेल्या असतानाच करायची आणि डबे थप्प्यांच्या वर, पण पत्र्याला न चिकटवता टांगायचे. पत्रा लहरी परतवतो.

सेटिंगमध्ये बहुतेक घोळ डीएचसीपीचा होतो. ॲड्रेस वाटणारा एकच हवा, मुख्य राउटर. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरत असाल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला त्याच नेटवर्कमधला वेगळा आयपी द्या, आणि केबल वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्हीकडे सारखा ठेवा, म्हणजे टॅब एका डब्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कधी जायचं ते मात्र टॅबच ठरवतो! डब्यांची पॉवर फुल ठेवली तर तो जुन्यालाच चिकटून राहतो. म्हणून पॉवर कमी करा. तसंही डबा ओरडला तरी मोबाईलचा बारीक आवाज त्याला उलट ऐकू यायला हवा ना? कामाच्या प्रत्येक जागी उणे ६७ डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळाला की पुरे.

ऑफिसात ५ गिगाहर्ट्झही चालू ठेवा, तिथे मोकळे चॅनेल जास्त. दगडी भिंतीतून ते फारसं जात नाही. होस्टेलला तर हा फायदाच आहे, शेजारच्या खोलीचा त्रास कमी. व्यापाऱ्यांच्या मोबाईलसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा, त्याला वेगाची मर्यादा घाला. पण गावातल्या प्रत्येक पाहुण्यासाठी नवं नाव काढू नका. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा 'मी इथे आहे' असं सांगत राहतं, आणि तेही सावकाश वेगाने. आपल्या कॉरिडॉरमधली अर्धी हवा यातच जात असणार, असा माझा अंदाज आहे.

शेवटची टेस्ट सोपी आहे. ऐन सौद्याच्या दिवशी वाय-फायवरून कॉल लावायचा आणि बोलत बोलत शेडच्या टोकापासून ऑफिसपर्यंत यायचं. आवाज जिथे तुटेल तिथे खडूने खूण करायची, आणि जवळच्या डब्याची जागा हलवून पुन्हा चालायचं.