घरात वसलेली वटवाघळे

कौलारू घराची वळचण, देवळाचा अंधारा गाभारा, किल्ल्यातील भुयार या जागा वटवाघळांना डोंगरातील कपारींइतक्याच सोयीच्या वाटतात. घराच्या फटींत राहणारी लहान वटवाघळे, म्हणजे पाकोळ्या, कीटकांवर जगतात. उंदरांप्रमाणे लाकूड किंवा तारा कुरतडण्याची खोड त्यांना नसते. तरीही साचलेल्या लेंड्या व त्यांचा उग्र दर्प सोसणे कठीण असते, आणि त्यांना बाहेर काढावे असे घरमालकास वाटले तर त्यात गैर काही नाही.

धूर करणे किंवा काठीने हुसकणे हे आपल्याकडील नेहमीचे उपाय होत. त्यांनी भेदरलेले प्राणी फटीत अधिकच खोल शिरतात व कित्येक तेथेच मरतात. वस्तुतः वटवाघळे रोज संध्याकाळी आपण होऊनच बाहेर पडतात. तेव्हा त्यांची परतीची वाट तेवढी बंद करावी.

यासाठी दोन-तीन दिवस तिन्हीसांजेस बाहेर उभे राहून ती कोठून निघतात ते पाहावे. वापरातील भोकाच्या कडेला तेलकट काळसर डाग दिसतो. इतर सर्व फटी आधी बुजवाव्यात. अंगठ्याएवढी फटही पाकोळीस पुरते. मग मुख्य भोकावर बारीक जाळी वरून व बाजूंनी पक्की करून खाली हातभर मोकळी लोंबती सोडावी. वटवाघूळ जाळीमागून खाली सरपटत सुटते, परंतु परतताना थेट भोकाकडेच येते आणि जाळीवर अडते. आठवडाभर कोणीही बाहेर पडताना दिसले नाही की भोक चुन्याने बुजवावे.

मात्र आत पिले असताना हे करू नये. आई बाहेर अडकली की उडता न येणारी पिले उपाशी मरतात. विलायती पुस्तकांत यासाठी उन्हाळ्याचे ठरावीक महिने वगळण्यास सांगितलेले असते. आपल्या देशात तो हिशेब पुरत नाही. येथील काही जाती वर्षातून एकदाच वितात, तर काही पाकोळ्या एकाहून अधिक वेळा. म्हणून मोठी वटवाघळे निघून गेल्यावर विजेरीने आत पाहावे. उघडीवाघडी पिले दिसल्यास काही आठवडे थांबावे.

लेंड्या झाडण्यापूर्वी पाण्याने भिजवाव्यात व नाकावर फडके बांधावे, कारण त्यांच्या धुळीतून बुरशीचा रोग फुप्फुसांत जाऊ शकतो. वटवाघळास उघड्या हाताने धरू नये. ते चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. एखादेच वटवाघूळ खोलीत शिरले असेल, तर सर्वांत आधी छताचा पंखा बंद करावा. मग दिवे मालवून खिडक्या उघडाव्यात.