साबुदाणा चालत नाही, सुमे

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, शनिवारी फुल बॉडी चेकअप आहे, म्हणून आठ दिवस गोड बंद केलंय." मी गप्प बसले, कारण शेजारी हे बसले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. परीक्षा तोंडावर आली की पुस्तक उघडायची तुझी खोड चाळिशी उलटली तरी गेली नाही. अगं, तुझ्या पॅकेजात एचबीएवनसी आहे ना? तिच्यापुढे तुझे आठ दिवस फारसे चालायचे नाहीत. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि त्या काळात तिला चिकटलेली साखर ही तपासणी मोजते. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतलं श्रीखंड, डोहाळजेवणातले पेढे, रात्री अकराला फ्रीजच्या उजेडात उभ्याने खाल्लेली बर्फी, सगळं तिथे जमा आहे. ५.७ च्या खाली आलं तर छान, ६.५ किंवा वर गेलं तर मधुमेह, मधलं आलं तर अजून गाडी हातात आहे. पण जे आहे ते येऊ दे. पैसे मोजून स्वतःच्याच डोळ्यांत धूळ कशाला फेकायची?

आता उपाशी पोटाचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी रक्त घ्यायला आलेल्या मुलाला ठणकावून सांगितलं, "उपाशीच आहे मी, आज संकष्टी!" आणि पाठोपाठ, "सकाळी जरा साबुदाण्याची खिचडी घेतली तेवढी." तो बिचारा सुई हातात धरून उभा. तर सुमे, लॅबच्या उपाशीपणात साबुदाणा नाही, दूध नाही, बिनसाखरेचा चहासुद्धा नाही. साधं पाणी मात्र पी, शीर सापडायला सोपी जाते. साखरेला आठ तास पुरतात. कोलेस्टेरॉलसाठी लॅबवाले दहा-बारा तास सांगतात. रात्री आठला जेवून घे म्हणजे सकाळी सातला मोकळी. आणि जेवणानंतरची साखर करायची असेल, तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. त्या जेवणात रोजचं खा. आमचे हे त्या दिवशी दोन कोरड्या पोळ्या आणि काकडी खातात, आणि रिपोर्ट आला की घरभर मिरवतात.

तारीख मात्र शनिवारची बदल, कारण तुझी पाळी त्याच सुमाराला येते, मला माहीत आहे. लघवीच्या नमुन्यात रक्त दिसलं की उगाच पुढची चौकशी लागते. पाळी संपून चार-पाच दिवस झाले की जा. छातीचा एक्स-रे असेल तर मंगळसूत्र काढावं लागतं. पर्समध्ये छोटी डबी ठेव. ब्लाउजच्या पिनासुद्धा निघतात, म्हणून साडी नेसूच नकोस. सैल बाह्यांचा कुडता घाल.

बाह्यांचं का सांगते, ऐक. मागच्या वर्षी मला सोनोग्राफीसाठी लघवी तुंबवून यायला सांगितलं होतं. लिटरभर पाणी ढोसून, दोन जिने चढून पोचले, तर तिथल्या मुलीने आधी बीपीलाच बसवलं. घट्ट बाही वर गुंडाळलेली, पाय टेबलावरून लोंबकळताहेत, खाली कळा येताहेत, आणि ती मला विचारतेय, "काकू, टेन्शन घेता का?" आकडा आला १५२/९६. मी तिथेच रडले. गोळ्या सुरू होणार, आईसारखं होणार, सगळं डोळ्यांपुढे आलं. सोनोग्राफी झाली, बाथरूमला जाऊन आले, तेव्हा एका वयस्कर सिस्टरने मला पाठ टेकून खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि म्हणाली, "पाच मिनिटं बोलायचं नाही." मग १२६/८०. तेव्हा बीपी घेताना कोणी घाई केली तर तू करू नकोस. "जरा बसते, मग घ्या," म्हणायला लाजू नको. आधी अर्धा तास चहा-कॉफीही नको.

गोळ्यांचं तर तुझं नेहमीचंच, "ती गुलाबी, गोल." डॉक्टरांना गुलाबी गोल कळत नाही गं. सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घाल आणि ने. वैद्यांचं चूर्णसुद्धा. आणि केसांसाठी घेतेस त्या गोळ्या पाहा, त्यात बायोटिन असतं. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. दोन-तीन दिवस आधी थांबव आणि तिथे सांग. थायरॉइडची गोळी सकाळी रक्त देण्याआधी घ्यायची की नंतर, ते तुझ्या डॉक्टरांना विचार.

आईलाही एकदा फोन कर. तिची शुगर कितव्या वर्षी निघाली, बाबांना छातीत दुखलं तेव्हा त्यांचं वय काय होतं, हे ती सांगेल. आत्याचं मात्र खोदून विचारावं लागेल. आपल्या घरात अजून ‘आत्याचं ऑपरेशन’ एवढंच म्हणतात. कसलं ऑपरेशन, ते मला माझ्या लग्नानंतर कळलं, तेही काकूच्या तोंडून निसटलं म्हणून. स्तनाची गाठ होती. वडिलांकडची म्हणून ती बाजूला टाकायची नसते. डॉक्टर दोन्हीकडचं विचारतात.

आणि आता ज्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते. पॅकेजात पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे आणि तू त्यावर काट मारणार आहेस, हो ना? "मला काही त्रास नाही, उगाच कशाला तिथे." ऐक. आपल्या माहेरच्या बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने आणि टाटाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. ज्या गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी (नमुना पॅपसारखाच घेतात) एकदाच झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेलेल्या बायका तपासणीच न झालेल्या गावांच्या मानाने निम्म्याच्या आसपास होत्या. शेतावरून आलेल्या, नऊवारी नेसलेल्या बायका त्या टेबलावर चढल्या, सुमे. त्यांनाही काही त्रास नव्हता. तू पुण्यात एसीत बसून लाजतेस. दोन मिनिटांचं काम आहे, चिमटा काढल्यासारखं होतं, संपलं. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत कुठलं क्रीम नको. आणि डॉक्टर बाई हवी असं फोनवरच सांगून ठेव.

तिथे गेलीसच आहेस तर ते दुसरंही सांग, जे तू मला लोणावळ्याला हसत हसत सांगितलंस. शिंक आली की थेंब गळतो ते. एका कागदावर लिहून ने, नाहीतर डॉक्टरांपुढे बसलीस की "तशी बरी आहे हो, जरा थकवा" एवढंच म्हणून उठशील. मी तशी चार वर्षं उठले. मग एकदाचं सांगितलं, तर डॉक्टर बाईंनी व्यायाम सांगितले, आणि फरक पडला.

हे लिहिता लिहिता कपाटातली माझी फाइल काढून पाहिली. दर तीन वर्षांनी पॅप करावं म्हणतात, आणि माझा शेवटचा कागद २०१९ चा आहे. हसू नकोस. तू तारीख बदलायला फोन करशील ना, तेव्हा माझंही नाव दे, मी आदल्या रात्री मुक्कामाला येते. डब्यात दशम्या आणते, रक्त देऊन झालं की दोघी तिथेच बाकावर बसून खाऊ.